मागे न घेतलेले आभार

"हो," बेथाया म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते तिला कळलं.

भटारी पेलेगने विचारलं होतं ते अगदी सहज. उपकारस्तुतीच्या, म्हणजे वर्षातून एकदा देवाचे आभार मानायच्या सणाच्या, सकाळी गल्लीतल्या निम्म्या घरांची मडकी त्याच्या भट्टीत असायची. प्रार्थनासभेची घंटा व्हायच्या आत ती ज्याची त्याला द्यायची म्हणून तो लांब दांड्याचं लाकडी फावडं आत घालून, डोळे बारीक करून, घामाघूम होत एकेक मडकं बाहेर ओढत होता. "टिल्डन ना? बदकाचं. हे घ्या, कडेने धरा, पोळेल. आणि धनी आले ना तुमचे? त्या गुरुवारी मी वर सज्जात होतो. पाळकसाहेबांनी आभार वाचले, तुम्ही उभ्या राहिलात. दुसऱ्याच दिवशी मी सेलमला गेलो भावाची भट्टी बांधायला, तो परवा आलो. आले ना सुखरूप?" आणि ती हो म्हणाली. पेलेग खूश झाला. त्याने फळीवरून मनुका घातलेला एक गोड पाव काढला आणि तिच्या मडक्यावर ठेवला. "हा त्यांना, माझ्याकडून. जहाजावरच्या बिस्किटांनी दात खिळखिळे झाले असतील, म्हणावं हा नुसत्या ओठांनी खा." ती हसली. नवऱ्याच्या दातांची कुणी थट्टा केली की बायको हसते, तशी हसली, आणि दाराबाहेर आली.

गल्लीतला चिखल रात्रीतून गोठून कडक झाला होता. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, हातगाड्या उलथ्या घातलेल्या, आणि आठवड्याच्या मधल्याच दिवशी हात बांधून बसावं लागल्यामुळे सगळं बॉस्टन जरा ओशाळल्यासारखं दिसत होतं. फडक्यात गुंडाळलेलं मडकं तिने पोटाशी धरलं होतं. त्याची ऊब आत झिरपत होती. आपण खोटं बोललो, आणि ते आजच्या दिवशी बोललो, हे तिच्या डोक्यात स्वच्छ होतं. खोट्याचं फळ काय असतं ते तिला लहानपणापासून तोंडपाठ होतं. पण भीती वाटायला हवी तेवढी वाटत नव्हती, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती. त्या 'हो'ची चव जिभेवर रेंगाळत होती. हो, आले. हो, बरे आहेत. अजून झोपलेत, रात्री बराच वेळ बोलत बसले होते. असं पुढचं पुढचं आपोआप सुचत होतं, आणि तिने मनाला बस म्हणायचं आणि मनाने उठून चालू पडायचं असं चाललं होतं. पेलेग आज सभेला येणार. वर सज्जात बसून तो पुरुषांच्या बाकांवर जेबेझला शोधणार. मग? मग काय ते तिला सुचेना. कोपऱ्यावर कुणाचं तरी डुक्कर वाट अडवून उभं होतं. त्याला वळसा घालताना पाव घसरला, तो तिने हनुवटीने दाबून धरला आणि तशीच चालत राहिली.

तो ऑक्टोबरातला गुरुवार. त्या दिवसाला तिने मनात इतक्यांदा उलटंसुलटं केलं होतं की त्याच्या कडा झिजून गेल्या होत्या. सकाळी धक्क्यावरून बातमी आली, किल्ल्याच्या बेटापलीकडे दोन डोलकाठ्यांचं गलबत दिसतंय आणि त्याच्या पुढच्या शिडाला तपकिरी ठिगळ आहे. जेबेझचं गलबत 'स्वॅलो' मे महिन्यात बार्बेडोसला गेलं होतं, वाळवलेली मासळी भरून, आणि त्याच्या पुढच्या शिडाला तपकिरी ठिगळ होतं. ते ठिगळ सगळ्या गल्लीला माहीत होतं. जाताना त्यावरून थट्टा झाली होती. बेथाया शाल घेऊन धक्क्याकडे निघाली तर सासूबाईंनी दारातच अडवलं. "आधी चिठ्ठी लिही," डॅमरिसबाई म्हणाल्या. त्यांना वाचता यायचं, लिहिता यायचं नाही. कुणी समुद्रावरून सुखरूप आलं, बाळंतपणातून उठलं, तापातून वाचलं की त्याच्या घरच्यांनी पाळकांकडे चिठ्ठी द्यायची, पाळकांनी ती सभेत वाचायची, नाव आलेल्या माणसाने उभं राहायचं आणि सगळ्या सभेने मिळून देवाचे उपकार मानायचे, ही तिथली रीत. संकटातल्या माणसासाठी मागणं करायचं तर त्याचीही चिठ्ठीच. "नांगर तर पडू दे, आई," बेथाया म्हणाली होती. "नांगर पडेपर्यंत गुरुवारची सभा उठेल. म्हणजे आभार रविवारपर्यंत लांबले. देवाला दारात ताटकळत ठेवायचं का?" सासूबाईंना ऐकू कमी येई, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही चारचौघांत ग्वाही दिल्यासारखं मोठ्याने होई, आणि मोठ्याने बोललेलं खरंच असणार असं बेथायाला उगाच वाटे. तिने चिठ्ठी लिहिली.

आणि ती उभी राहिली. आयुष्यात ती कधी इतकी उभी राहिली नव्हती. पाळक विथर्सनी तिचं नाव वाचलं, जेबेझचं नाव वाचलं, सगळ्या सभेने मिळून उपकार मानले, आणि त्या शेकडो माणसांच्या श्वासात मिळून तिचा नवरा घरी आला. तेव्हाच आला तो. खिडकीतून उन्हाची तिरीप पुढच्या बाकावरच्या कुणाच्या तरी टाचणीवर पडली होती, ती टाचणीसुद्धा तिला अजून दिसे. मग सभा उठल्यावर ती धावत नाही पण जवळजवळ धावतच धक्क्यावर गेली, तर गलबत दुसरंच होतं. 'एन्डेव्हर'. त्याच्याही शिडाला ठिगळ होतं, तपकिरीच. वादळात कुठेतरी फाटलेलं आणि जे हाताशी सापडलं त्याने शिवलेलं. पिठाने माखलेल्या हातांनी थॉमसिन पाइक तिच्या अंगावरून पळत गेली आणि तिने आपल्या नवऱ्याला मिठी मारली. त्याच्या काळ्या कोटावर पिठाचे पंजे उमटले. कुणीतरी बेथायाचं कोपर धरलं. "बरं झालं," बेथाया म्हणाली, "पाइक आले ते." आणि घरी परत आली.

आता पुढची गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती, म्हणून तिने ती कुणाला सांगितली नव्हती. ती घरी आली तेव्हा जेबेझ घरी होता. भूत नव्हे, भुताखेतांच्या गोष्टींना ती घाबरत असे, आणि याला ती घाबरली नाही. तो दिसत नव्हता, बोलत नव्हता. फक्त तो आलेला होता. आभार मानून झाले होते. मानलेले आभार कुणी परत केले नव्हते. मग तो आलेला नाही असं तरी कसं म्हणायचं? तिने त्याची खुर्ची शेकोटीकडे वळवली. खुंटीवरचा घरात घालायचा कोट झटकला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला, म्हणजे ऊब धरेल. रात्री ती गाढ झोपली. पाच महिने ती वाऱ्यावर झोपत होती आणि वाऱ्यावर उठत होती. धुराड्यात वारा जरा वेगळा वाजला की डोळे टक्क उघडायचे, हा दक्षिणेचा, हा ईशान्येचा, यात ते कुठे असतील. त्या गुरुवारपासून तिने वारा ऐकला नाही. ज्याचं माणूस घरात असतं तो वारा ऐकत नाही. शेजारणी तिच्याशी हळू बोलत, दुधाचं भांडं हातात देताना बोटं क्षणभर जास्त ठेवत, आणि तिला वाटे, यांना काय झालंय? ती चिडत नव्हती, रडत नव्हती, चुली पेटवत होती, लोकर कातत होती, आणि खरं सांगायचं तर लग्नाच्या सगळ्या वर्षांत ती इतकी सुखी कधी नव्हती. या सुखाला काहीतरी घाण चिकटलेली आहे हे तिला कळे. पायात खडा असावा तसं ते चालताना टोचे, आणि ती चालायची थांबत नसे.

मडकं घेऊन ती आत आली तेव्हा सासूबाई सभेचा काळा झगा घालून तयार बसल्या होत्या, पायाशी शेगडी, निखारे भरलेली. त्यांनी पावाकडे पाहिलं.

"हा कुणी दिला?"

"पेलेगने."

"फुकट? पेलेगने? त्याची तब्येत बरी आहे ना?"

बेथाया शेकोटीकडे वळली. मडकं राखेत पुरून ठेवलं. सासूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या, आणि मग रोज विचारायच्या ते त्यांनी विचारलं. "वारा कुठला गं?"

"पाहिलं नाही," बेथाया रोज म्हणायची तेच म्हणाली.

डॅमरिसबाईंनी मान हलवली आणि शेगडीची कडी हातात घेतली. या प्रश्नाचं बेथायाला कोडं होतं. कारण बाकी कशातही सासूबाई डगमगल्या नव्हत्या. धक्क्यावरून बेथाया एकटी परत आली त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "आभार देवाने घेतले की नाही? घेतले. मग आता तोंड फिरवायचं नाही त्याने. वाढलेलं जेवून वर उपाशी म्हणणारा तो नाही." हे शास्त्राला धरून नव्हतं. देवाला असं शब्दात पकडता येत नाही हे दुधाचे दात पडायच्या आत त्या गावात सगळ्यांना शिकवलेलं असे, आणि पाळकांनी ऐकलं असतं तर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला असता. पण बेथायाला ते बोलणं घोंगडीसारखं अंगावर ओढून घ्यावंसं वाटलं होतं. फक्त तो वारा. रोज एकदा, कधी सकाळी, कधी संध्याकाळी. देवाने तोंड फिरवायचं नाही एवढी खात्री असलेल्या बाईला वाऱ्याशी काय करायचं आहे, असं तिच्या मनात येई, आणि ती ते मनातच ठेवी.

रस्त्याने माणसं सभेकडे निघाली होती. सासूबाईंचा हात धरून ती हळू चालत होती आणि उजव्या हातमोज्यात तळव्याशी ती दुसरी चिठ्ठी घडी घालून होती. ही तिने ऑक्टोबर संपताना लिहिली होती. 'जेबेझ टिल्डन, समुद्रावर, त्याच्यासाठी त्याची बायको सभेची प्रार्थना मागते.' एवढंच. दर रविवारी ती हातमोज्यातून सभेला जाई आणि हातमोज्यातून घरी येई. घामाने तिची घडी मऊ पडली होती. द्यायची म्हणजे डीकनच्या, सभेचं कामकाज बघणाऱ्या सेवकाच्या, हातात नुसती ठेवायची. पण दिली की पाळक वाचणार, समुद्रावर. आणि वाचलं की तो समुद्रावर. खुर्चीतून उठून, कोट तसाच टाकून, त्या काळ्या पाण्यात. तिच्याच हाताने. आणि नाही दिली तर? तर एवढ्या मोठ्या शहरात त्याच्यासाठी मागणारं कुणी नाही. ज्याच्याबद्दल आभार मानून झाले त्याच्यासाठी कोण मागणार? लोकांनी त्याचं नाव मागण्यातून काढून मिळालेल्यांत घातलं होतं, आणि नंतर ते उचलून परत ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही कुणी हात लावला नव्हता. ती सोडून कुणी लावणारही नव्हतं. रात्री नाही, पण दिवसा कधीकधी, पाणी भरताना, हे एकदम अंगावर येई आणि ती बादली खाली ठेवून उभी राही.

पाळक विथर्स त्या धक्क्याच्या प्रसंगानंतर घरी येऊन गेले होते. तरुण माणूस, हनुवटीवर अजून नीट दाढी यायची होती, आणि व्यासपीठावर नसला की हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नसे. "झालं ते घाईत झालं," ते म्हणाले होते, टोपी फिरवत. "पुढच्या सभेत तुमच्यासाठी मागणं घालू या का? म्हणजे तुमची इच्छा असेल तर. लोकांत जरा चर्चा होईल इतकंच. की सभेने आभार मानले आणि..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. बेथायानेच ते उचललं. "काही घाई नाही, पाळकसाहेब," ती म्हणाली होती. त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका पसरली ती तिने पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जी पसरली असेल ती त्यांनी पाहिली असावी. दोघांनीही एकमेकांना गप्प राहायची परवानगी दिली आणि दार लागलं. मागच्या रविवारी मात्र त्यांनी तिला दाराशी गाठलं. "गुरुवारी उपकारस्तुतीचा दिवस आहे. त्या दिवशी फक्त आभार, बहिणी. मागणं, रडणं, काही नाही. ते उपासाच्या दिवशी." उपासाचा दिवस वसंतात. तिने बरं म्हटलं होतं.

प्रार्थनाघरात शेकोटी नसे. श्वास दिसत होते. सासूबाई म्हाताऱ्या विधवांच्या बाकावर, अगदी व्यासपीठाखाली, ऐकू यावं म्हणून. बेथाया मागे, तरण्या बायकांत. वर सज्जात तिने पाहिलं नाही. पाहिलं नाही तरी पेलेग तिथे आहे हे तिच्या मानेला कळत होतं. कापणी चांगली झाली, देवीची साथ गावात शिरून परत गेली, एवढ्या आगी लागल्या पण शहर राहिलं, असे एकेक उपकार पाळक मोजत होते. तिला वाटत होतं, आता ते आपल्याकडे बघून म्हणतील, आणि एक बाई भट्टीवर खोटं बोलली. शेजारी थॉमसिन पाइक येऊन टेकली, उशिरा, धापा टाकत. "आमचे महाशय," ती पदराआड पुटपुटावं तसं शालीआड पुटपुटली, "तोंड धुवायलाच तयार नव्हते. म्हणे देवाने मला खारं पाहिलंय. घरात नुसता उच्छाद मांडलाय बघ. मीठ कमी, जागा कमी, सगळं कमी. परत जा म्हटलं समुद्रावर." आणि मग, बोललं ते कुणाशी बोललो हे लक्षात येऊन, तिने ओठ मिटले आणि बेथायाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्या हाताला डांबराचा वास होता.

डांबर, कांदा, तंबाखू, ओली लोकर. थॉमसिनच्या शालीला, केसांना, सगळ्या तिला तिच्या नवऱ्याचा वास होता. बेथायाने तो नाकात घेतला. तिच्या घरातल्या जेबेझला वास नव्हता. इतक्या आठवड्यांत एकदाही नव्हता. तो मीठ कमी म्हणत नव्हता. खुर्ची शेकोटीकडे वळवली तर वळवून घेत होता, आणि खरा जेबेझ शेकोटीजवळ कधी बसायचा नाही, त्याच्या पायांना त्याने खाज सुटायची, तो दाराशी बसायचा आणि दार किलकिलं ठेवून सगळं घर गार करायचा. त्यावरून त्यांची भांडणं झाली होती. जायच्या आदल्या दिवशी झालं होतं ते यावरूनच. हे ती विसरली कशी? तो घोरायचा. तो सासूबाईंची नक्कल करायचा आणि सासूबाईंना ती दिसायची. तो तिला 'बेथ' म्हणायचा, जे तिला आवडत नसे, आणि त्या गुरुवारपासून तिला कुणी बेथ म्हटलं नव्हतं. घरात तिने जो आणून बसवला होता तो कुणीतरी गरीब, आज्ञाधारक, कसलाही वास नसलेला इसम होता, आणि त्याच्या उबेला बसून ती आपल्या नवऱ्याला विसरत चालली होती. आणि तो, दार उघडं टाकणारा, कुठेतरी पाण्यात होता. असला तर. नसला तर तेही तिला माहीत नव्हतं, माहीत करून घ्यायचं तिने बंद केलं होतं. तिला स्वतःची किळस आली.

"थॉमसिन पाइक," पाळक वाचत होते, "आपला पती समुद्रावरून सुखरूप आणल्याबद्दल." ही चिठ्ठी त्यांनी आजच्या मोठ्या दिवसासाठी राखून ठेवली होती. थॉमसिन उभी राहिली. बाकाची फळी हलली. आणि मग बेथायाला दिसलं की आपले गुडघे सरळ होताहेत, समोरची टोप्यांची रांग खाली जातेय, आणि आपणही उभ्या आहोत.

सभेत माना हलल्या. पुरुषांच्या बाकांवर कुणीतरी कुणाच्या कानात काहीतरी म्हणालं. टिल्डन आला की काय? पाळकांनी हातातल्या चिठ्ठ्या उलटून पाहिल्या, एक खाली पडली असावी तशा. मग थॉमसिनसाठी जे म्हणायचं ते ते म्हणाले, जरा भरभर, आणि थॉमसिन बसली. बेथायाला बसता येईना. बायकांनी सभेत बोलायचं नाही. तिने बोलायचं ठरवलंही नव्हतं. तिने काहीच ठरवलं नव्हतं. सभेवर नजर ठेवणारा काठीवाला कोपऱ्यातून दोन पावलं पुढे आला आणि थांबला, कारण झोपलेल्याला काठीने टोचायचं हे त्याला माहीत होतं, उभ्या असलेल्याचं काय करायचं ते नव्हतं.

"बहिणी," पाळक हळू म्हणाले, "बसा."

ती उभी.

"आज आभारांचा दिवस आहे, बहिणी."

पुढच्या बाकावर डॅमरिसबाई वळल्या. त्यांना काय चाललंय ते ऐकू आलं नव्हतं, पण सगळ्या माना कुठे वळल्या ते दिसलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग व्यासपीठाकडे फिरल्या आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सज्जातल्या शेवटच्या माणसापर्यंत जाईल अशा आवाजात, म्हणाल्या, "ती माझ्या पोरासाठी उभी आहे. तो आलेला नाही. तो पाण्यात आहे. आधी त्याच्यासाठी मागा, मग तिला बसवा."

बेथायाने हे वाक्य ऐकलं आणि तिला समजलं की ही म्हातारी एकही दिवस घरातल्या त्या जेबेझबरोबर राहिली नव्हती. खुर्ची वळवलेली ती बघत होती, कोट बघत होती, मोठमोठ्याने देवाला बजावत होती, ते सगळं बेथायासाठी. आणि रोज एकदा वारा विचारत होती, ते पोरासाठी. तिने उजवा हातमोजा काढला. मऊ पडलेली चिठ्ठी थॉमसिनने तिच्या बोटांतून घेतली, पुढच्या बाईच्या खांद्याला लावली, त्या बाईने तिच्या पुढचीला दिली, आणि बायकांच्या हातांहातांतून ती डीकनपर्यंत गेली. डीकनने ती वर दिली. पाळकांनी ती वाचली, आधी मनात, मग मोठ्याने. प्रवचनाची वेळ मोजणाऱ्या वाळूच्या घड्याळाकडे त्यांनी हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"ऑक्टोबरात," ते म्हणाले, "या सभेने या माणसाबद्दल आभार मानले. ते आगाऊ मानले. चूक कळल्यावरही आपण गप्प राहिलो, आणि सगळ्यांत जास्त गप्प मी राहिलो. उठा."

सगळी सभा उठली. आता तिचं उभं राहणं कुणाला दिसत नव्हतं. पाळक मागू लागले, समुद्रावर असलेल्या जेबेझ टिल्डनसाठी, आणि एकेका शब्दासरशी तो तिच्यापासून दूर चालला; गल्लीतून, धक्क्यावरून, किल्ल्याच्या बेटापलीकडे. तिला थंडी वाजू लागली. दात वाजत होते. ती त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा रडली, तोंड न झाकता. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्याला घरी आणलं होतं, आज सगळ्यांनी मिळून परत सोडला. हेच तिने मागितलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर पेलेग उभा होता. पाव घरी राहिला होता, नाहीतर तिने तो तिथेच परत दिला असता.

"मी सकाळी खोटं बोलले," ती म्हणाली. "पाव आणून देते. तो त्यांच्यासाठी होता."

पेलेगने पायाखालच्या पायरीकडे पाहिलं. "कोरड्या जागी ठेवा," तो म्हणाला. "मनुकांचा पाव टिकतो. कडक झाला तर ते आले की दुधात भिजवून द्या."

जेवताना दोघी फारशा बोलल्या नाहीत. बदक चांगलं शिजलं होतं. सासूबाईंनी पंखाचा तुकडा सुनेच्या ताटात टाकला आणि सुनेने तो खाल्ला. पाव बेथायाने फडक्यात बांधून फडताळात वरच्या खणात ठेवला. खुर्चीवरचा कोट तिने उचलला, नाकाला लावला. त्याला धुराचा वास होता, शेकोटीच्या धुराचा, दुसरा कसलाही नाही. तिने तो खुंटीवर टांगला. दिवस कलला तसं धुराडं धूर खाली ढकलू लागलं.

"वारा कुठला गं?" सासूबाईंनी विचारलं.

बेथाया उठली आणि दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिली. गार, ओला सपकारा तोंडावर आला. वाकड्या झालेल्या धुरांकडे, पाणी भरल्यासारख्या आभाळाकडे तिने पाहिलं, आणि ऐकलं. मग आत आली. दार लावताना तिचा हात थांबला. तिने ते किलकिलं ठेवलं.

"ईशान्येचा, आई," ती म्हातारीच्या कानाशी वाकून म्हणाली.

"फार?"

"वाढतोय."

डॅमरिसबाईंनी विणायच्या सुया मांडीवर ठेवल्या. "मग त्याची खुर्ची घे ओढून," त्या म्हणाल्या. "दाराशी. उभी किती वेळ राहशील?"